सत्तार मिस्त्रीची भिंत

बिल्कीसभाभी आता अकोल्यात लेकीकडे राहते. जावई भला आहे, घर ऐसपैस आहे, हाताखाली कामाला बाई आहे. पण नाजियानं कधी सहज विचारलं, "अम्मी, तुले जुन्यातलं लय काय आठवते वं?" तर भाभी घराचं नाव घेत नाही, मोहल्ल्याचं घेत नाही. म्हणते, "दुकानातली भिंत."

ते दुकान अमरावतीहून नागपूरकडे निघालं की नांदगाव पेठेच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागूनच होतं. टिनाचं छप्पर, पुढं कडुनिंब, दारावर पाटी: 'सत्तार मोटर रिवायंडिंग'. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी तिथं यायच्या. भाभीचा नवरा अब्दुल सत्तार मिस्त्री मोटर उघडायचा, आतली जळकी तार खरवडून काढायचा, नवी भरायचा. त्या नव्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइली, बिल्कीस गुंडाळून द्यायची. दुकानाच्या मागच्या भागात गोणपाटाचा पडदा होता. त्याच्यामागं तिचं हातानं फिरवायचं यंत्र, तांब्याच्या तारेची रिळं आणि एक स्टोव्ह. घरात दोघं आपसात उर्दू बोलत, दुकानात पाय टाकला की वऱ्हाडी. मिस्त्री गमतीनं म्हणायचा, "मोटरीले उर्दू समजत नाई."

दिवस कठीण होते. कापसाला भाव नव्हता, पाऊस लहरी होता, वर्तमानपत्र उघडलं की खेड्यांतल्या बातम्या वाचवत नसत. ज्याच्या विहिरीला थोडं पाणी होतं तो पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमी करून भाजीपाल्याकडे, फुलांकडे वळत होता. त्यात लोडशेडिंग. वीज यायची ती अवेळी, आणि आली तरी अर्धमेली. कमी दाबावर मोटर कण्हत कण्हत चालायची आणि एक दिवस धूर सोडायची. दवाखान्याच्या दारात माणूस जसा तोंड उतरवून उभा राहतो, तसा शेतकरी मोटर घेऊन दुकानाच्या दारात उभा राही. सत्तार मिस्त्री आधी त्याला पाणी देई, मग मोटरीकडे पाही.

आणि मोटर ठेवून घेतली की भिंतीवर नाव लिही.

ही भिंत दाराच्या अगदी समोर. पहिलं नाव कधी लिहिलं ते मिस्त्रीलाही आठवत नव्हतं. पाटी रंगवून उरलेल्या निळ्या रंगानं सुरुवात झाली म्हणे. नाव, गाव, मोटर किती एचपीची, विहीर किती हात खोल, मोटर कुठं बसवलेली, आणि खाली फोन. सुरुवातीला फोन म्हणजे सारे 'पी.पी.' नंबर, शेजाऱ्याचे नाहीतर गावातल्या किराणा दुकानाचे. पुढं मोबाइल आले तशी भिंतीवर लांबलचक आकड्यांची गर्दी झाली. कित्येक गिऱ्हाइकं ब्रश मागून घेऊन स्वतःच लिहीत. मोझरीचा एक म्हातारा माळकरी होता, तिथल्या गुरुकुंज आश्रमात बसून उतारवयात सही शिकलेला. त्यानं आपलं नाव वीतभर उंच अक्षरांत लिहिलं आणि दर खेपेला मोटर विसरून आधी आपलं नाव पाहायचा. वाट पाहत बसलेली माणसं भिंत वाचत. "हा तं माह्या साळ्याच्या गावचा!" म्हणून ओळख निघे. एका पोरीची सोयरीक या भिंतीपाशी बसूनच जुळली होती, आणि तिच्या लग्नाचे बुंदीचे लाडू दुकानात आले होते.

बायकांची नावं मात्र पुढच्या भिंतीवर नसत. ती पडद्यामागं, बिल्कीसच्या बाजूला. त्या वर्षांत मोटर घेऊन येणाऱ्या बायका वाढल्या होत्या. कुणाचा नवरा सुरतेला कामाला, कुणाचा खाटेवर, कुणाचा नव्हताच. त्या पडद्यामागं येऊन बसत, चहा पीत, आणि मोटरीचं सांगता सांगता सारंच सांगून जात.

मिस्त्रीचा एक कायदा होता. दुसऱ्याच्या फोनवर आपल्या गिऱ्हाइकाची गोष्ट बोलायची नाही. मोटर तयार झाली की तो पी.पी. नंबरावर फोन लावी आणि म्हणे, "अमक्याले मिस्त्रीचा सलाम सांगजा." बस. ज्याला कळायचं त्याला कळे. फोन घेणारा वैतागे, "फक्त सलाम सांगाले फोन केला का बाप्पा?" मिस्त्री हसून ठेवून देई.

मनकर्णाबाई पहिल्यांदा आली ती चैत्रातल्या एका दुपारी, रिकाम्या टोपल्या घेऊन. अमरावतीच्या बाजारात झेंडू विकून परत चालली होती. पस्तिशीची असेल, उन्हानं रापलेली, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणारी. ती सरळ पडद्यामागं आली आणि म्हणाली, "भाभी, जुनी मोटर भेटन काय तीन एचपीची? पन कोनाले माईत नाई झालं पाह्यजे."

बिल्कीसनं स्टोव्ह पेटवला. "बस आंधी. चाय पे."

चहा पिता पिता सारं निघालं. नवरा तापानं गेलेला. दोन एकर वावर तिच्या वाट्याचं, आणि विहीर सामाईक, थोरल्या दिराची आणि तिची. मोटर त्या दिराची, म्हणजे भासऱ्याची. वीज आली की आधी त्याच्या कांद्याला पाणी, मग त्याच्या तुरीला, मग वीज जाई. तिची फुलझाडं कळीवरच माना टाकत.

"इहीर अर्धी माह्या नावानं हाय, सातबाऱ्यावर हाय," ती म्हणाली. "म्या मीटरसाठी अर्ज केला हाय वेगळा. मीटर लागलं का माही मोटर माह्या हातानं चालू करीन. पन त्याच्या आंधी भासऱ्याले कळलं तं थे तथी जाऊन हरकत घेतीन. मंग बसा."

"कोन तुहे भासरे?"

"शालिकराम."

बिल्कीसचा हात थांबला. शालिकराम तर दुकानाचं फार जुनं गिऱ्हाईक. पुढच्या भिंतीवर वरच्या ओळीत त्याचं नाव होतं. मनकर्णाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं.

"तुमाले जमत नसन तं तसं सांगा. मी अकोल्याकडं पाहीन."

"जमत नाई असं म्या म्हनलं काय?" बिल्कीस म्हणाली. "तुही मोटर तुही होय, त्याईची त्याईची."

मिस्त्रीनं एक जुनी मोटर काढली, नव्यासारखी करून ठेवली. पडद्यामागच्या भिंतीवर त्यानं आपल्या सवयीप्रमाणं लिहिलं: मनकर्णाबाई, तीन एचपी, मीटर आल्यावर न्यायची. फोन नंबर भासऱ्याच्या पोराचा, पुतण्या गोवर्धनचा, कारण साऱ्या घरात मोबाइल एकच. नंबर देताना मनकर्णाबाई दोनदा म्हणाली, "त्याच्यावर काई बोलजा नका बरं." म्हणून बिल्कीसनं नंबराच्या बाजूला उर्दूत बारीक लिहून ठेवलं, 'सिर्फ सलाम'.

शेखर आला तो त्यानंतर महिना-दीड महिन्यानं. अकोल्याच्या कुठल्याशा पाइप आणि मोटरी विकणाऱ्या कंपनीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, हातात फोटो निघणारा मोबाइल. तेव्हा असा मोबाइल म्हणजे अपूर्वाई. पोरगा गोड होता. त्याच्याही बापाची मोटर मूर्तिजापुरात अशाच एका दुकानात यायची, लहानपणी तो बापाबरोबर बाकावर बसून राहायचा. मिस्त्रीनं त्याला चहा पाजला. शेखर भिंतीपुढं उभा राहून पाहतच राहिला.

"चाचा, एक फोटो काढू काय? असं दुकान आता पाहाले भेटत नाई."

मिस्त्री खुलला. टोपी नीट केली, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. शेखरनं त्याचा फोटो काढला, मग नुसत्या भिंतीचे काढले, जवळून, एकेका भागाचे. आणि मिस्त्रीनं काय करावं? कौतुकाच्या भरात पडदा बाजूला सारला आणि म्हणाला, "इकडं बी हाय पाहा."

बिल्कीस तेव्हा घरी नाजियाला जेवायला वाढायला गेली होती.

आषाढात फोन सुरू झाले. भातकुलीचा वांगीवाला सांगत आला, "मिस्त्री, एका पोरीचा फोन आलता. म्हने तुमची इहीर साठ हात खोल हाय, पानी खाली गेलं असन, आमची पानबुडी मोटर घ्या. माही इहीर किती खोल हाय हे थ्या पोरीले कसं काय माईत?" लोक हसले. मग दुसरा आला, तिसरा आला. कुणाला मोटरीचे, कुणाला बोअरचे, कुणाला कर्जाचे फोन. हळूहळू हसणं कमी झालं. मिस्त्री म्हणायचा, "असन बाप्पा, सरकारी यादीतून काढलं असन." पण एका दुपारी बिल्कीसनं विचारलं, "अजी, थो फोटोवाला पोट्टा आलता, त्यानं कशाकशाचे फोटो काढले?"

मिस्त्रीनं सांगितलं. पडद्याचंही सांगितलं. बिल्कीसनं हातातलं रीळ खाली ठेवलं आणि पडद्यामागच्या त्या नावाकडे पाहत राहिली.

आणि दोनच दिवसांनी शालिकराम दारात उभा राहिला.

उंच माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्याला रुमाल. मोटर आणली नव्हती. बाकावर दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

"मिस्त्री, आपली ओळख किती वर्साची?"

"लय वर्साची, शालिकभाऊ. बसा. चाय सांगतो."

"चाय राहू दे. आमच्या गोवर्धनच्या फोनवर कोन्या कंपनीच्या बाईचा फोन आला. म्हने मनकर्णाबाईची मोटर सत्तार मिस्त्रीकडं तयार हाय, मीटर आलं का पाइप आमच्याकडून घ्या. माह्या घरातली बाई तुह्याकडं मोटर घेऊन ठेवते, अन् तू मले सांगत नाईस? थे माह्या भावाची बायको होय, हे तुले माईत नव्हतं?"

"माईत होतं."

"मंग सांगतलं कावून नाई?"

मिस्त्रीनं बाकावरच्या दोघांना म्हटलं, "भाऊ, तुमी जरा समोरच्या टपरीवर चाय पिऊन या." ते गेले. पडद्यामागं बिल्कीस यंत्राचा दांडा धरून तशीच बसली होती. मिस्त्रीचा आवाज खाली आला, इतका की तिला कान द्यावा लागला.

"शालिकभाऊ, तुमच्या थोरल्या पोरीचं लगन झालं त्या साली तुमी पाच एचपीची मोटर मले इकून गेलते. गावात सांगतलं, मोटर जळाली, मिस्त्रीकडं टाकली. आठोते?"

शालिकरामची नजर भिंतीवरच्या आपल्या नावाकडे गेली.

"तवा तुमचा भाऊ जिता होता. थो बाजाराच्या दिवशी इथीसा येऊन पुसे, 'मिस्त्री, दादाची मोटर कवा होते?' म्या म्हनो, तार भेटून नाई राहिली. साऱ्या उन्हाळाभर म्हनलं. थो मले नालायक म्हनून गेला एक दिवस. म्या ऐकून घेतलं. तुमची गोष्ट म्या तुमच्या सख्ख्या भावाले नाई सांगतली, मंग त्याच्या बायकोची तुमाले कशी सांगू?"

बाहेरून ट्रक गेला, टिन थरथरलं. बिल्कीस पडद्यामागं थक्क होऊन बसली होती. ती उन्हाळाभरची 'तार भेटत नाही'ची गोष्ट तिला आठवत होती. तिनंही नवऱ्याला तेव्हा विचारलं होतं, रिळं तर भरलेली आहेत, मग खोटं का बोलता? तो म्हणाला होता, "वेगळी तार लागते." इतकी वर्षं एका ताटात जेवली, पण यानं हे पोटातून ओठावर येऊ दिलं नव्हतं.

"पन आता जे झालं थे माह्याच हातानं झालं," मिस्त्री म्हणाला. "एकट्या तुमाले नाई सांगतलं, अन् साऱ्या दुनियेले सांगून बसलो. थे नंबर त्या कंपनीवाल्याले म्या दाखोले. पडदा म्या सारला. मले जे बोलाचं थे बोला. तिले बोलू नका."

शालिकरामनं रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा बांधला. "हरकत म्या काल घेतली हाय," एवढंच म्हणाला आणि चहा न पिताच गेला.

दुसऱ्या दिवशी बिल्कीस एकटीच एसटीनं त्या गावी गेली. मनकर्णाबाई वावरात झेंडूची रोपं निंदत होती, बांधावर तिची पोरगी खुशी बसून होती. बिल्कीसला पाहून ती उठली नाही.

"घरात कोनी मारलं-झोडलं नाई, भाभी," तिनंच सांगितलं. "बोलनं बंद केलं फक्त. मीटर अडकलं. आता सुनावनी होईन म्हनतेत, कवा होईन थे कोनाले माईत. दसऱ्याले तं काई खरं नाई."

"मनकर्णा, आमी त्याईले नाई सांगतलं वं."

"तुमी नाई सांगतलं. तुमच्या भिंतीनं सांगतलं." तिनं एक तण उपटून बाजूला टाकलं. "त्या फोनवरच्या बाईचा राग नाई येत मले. लय गोड बोलली म्हने थे. पन मले वाटे, तुमच्या पडद्याच्या आत बसून बोललं का बाहेर जात नाई. माहेरी बी असं बोलता येत नाई मले."

बिल्कीस बांधावर खुशीच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं चपला काढल्या, साडी खोचली आणि पलीकडची ओळ निंदायला घेतली. दुपार होईपर्यंत दोघी निंदत राहिल्या. निघताना मनकर्णाबाईनं तिला पिशवीभर मेथी दिली. ती नको म्हणाली तर रागावली.

दुकानात परतल्यावर बिल्कीस नवऱ्याला म्हणाली, "भिंत पुसाची."

मिस्त्री एकदम उसळला. "वेडी झाली काय? नावं पुसली तं काय राह्यते या दुकानात? अन् गेले थे नंबर तं गेले. आता पुसून काय वापस येतीन?"

"गेले थे गेले. राहिले थे कावून उघडे ठेवाचे?"

"लोकाईनं आपल्या हातानं लिवले हायेत."

"आपल्यावर भरोसा ठेवून लिवले. त्या पोट्ट्यावर नाई."

चार-पाच दिवस दोघांत बोलणं नव्हतं. मिस्त्री कामाला लागला की मधेच थांबून भिंतीकडे पाही. मग शुक्रवार आला. शुक्रवारी दुकान बंद असे. नमाजेहून आला तो येतानाच चुन्याची पिशवी आणि नवा कुंचला घेऊन आला. बादलीत चुना भिजवला. मग बिल्कीसला म्हणाला, "तू वाच. मी पुसतो."

ती दुपार बिल्कीसला आजही जशीच्या तशी आठवते. ती एकेक नाव मोठ्यानं वाचायची आणि कुंचला मारायच्या आधी मिस्त्री त्या माणसाचं काहीतरी सांगायचा. "याची मोटर दरसाल पोळ्याले जळे, बैल धुवाच्या नादात चालू ठेवे." "यानं एकदा मोटरीसंगं साप आनलता, पंख्यात गुंडाळलेला." "हा वावर इकून पुन्याले गेला, वॉचमन हाय म्हने. याची मोटर अजून आपल्या माळ्यावर हाय." मोझरीच्या माळकऱ्याच्या वीतभर अक्षरांपाशी तो बराच वेळ थांबला. शालिकरामच्या नावापाशी काहीच बोलला नाही, नुसता कुंचला फिरवला. पडद्यामागच्या भिंतीपाशी आल्यावर त्यानं कुंचला बिल्कीसच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसला.

मग नवी रीत सुरू झाली. मोटर आली की तिला तारेनं एक चिठ्ठी बांधायची, नंबर लागला तर त्याच चिठ्ठीवर, आणि तोही गिऱ्हाइकाला विचारून. मोटर घरी गेली की चिठ्ठीही तिच्याबरोबर गेली. विहीर किती खोल ते दर वेळी नव्यानं विचारायचं. गिऱ्हाइकं चिडत, "दहा खेपा सांगतलं ना बाप्पा!" मिस्त्री म्हणे, "अकरावी सांग." मोझरीच्या म्हाताऱ्यानं तर पांढरी भिंत पाहिली आणि दारातच बसला. "मी मेलो काय, माहं नाव पुसलं थे?" त्याला समजावता समजावता दोन चहा झाले. शेवटी बिल्कीसनं त्याला पेन आणि कोरा कागद दिला. त्यानं कागदभर सही केली, घडी घालून खिशात ठेवली, आणि मगच मोटरीचं बोलला.

श्रावणात शेखर पुन्हा आला. हातात पाकीट. मिस्त्रीचा फोटो अकोल्याच्या स्टुडिओत मोठा करून आणला होता, भेट म्हणून. आत पाऊल टाकलं आणि पांढरी भिंत पाहून त्याचा चेहराच पडला.

"चाचा, हे काय केलं?"

मिस्त्री मोटरीतून मान वर काढेना, तेव्हा बिल्कीस पडदा सारून बाहेर आली. तिनं आवाज चढवला नाही. मनकर्णाबाईचं नाव न घेता एका बाईचं काय झालं ते सांगितलं. शेखर ऐकता ऐकता बाकावर बसला.

"भाभी, मले टार्गेट होतं. साहेब म्हने शेतकऱ्याईचे नंबर आना. म्या म्हनलं, नंबरच तं हायेत. त्याच्यात कोनाचं काय जाते?"

"आता वापस आनता येते काय?"

"नाई. कॉम्प्युटरमधी गेले. तथून कोनाकोनाले गेले, मले बी माईत नाई." त्यानं दोन्ही हात गुडघ्यांत दाबले. "मी त्या गावात जाऊन सांगू काय, माही चूक होय म्हनून?"

"जाऊन काय सांगशीन? अजून एक जन गावात कालवा करीन. बस, चाय पे अन् जाय."

तो चहा प्यायला, पाकीट ठेवून गेला. फोटो खरंच सुरेख निघाला होता. मिस्त्री टोपी घालून हसतोय, आणि मागं सारी भिंत, नाव नाव, आकडा आकडा वाचता येत होता. नंतर तसा फोटो त्याचा कधी निघाला नाही. बिल्कीस बराच वेळ तो हातात धरून बसली. मग तिनं कागद कापायची कात्री घेतली, टोपीच्या कडेनं, खांद्याच्या कडेनं सावकाश फिरवली आणि मिस्त्रीला त्या भिंतीपासून वेगळं केलं. उरलेली भिंत तिनं जुन्या तारा जाळायच्या भट्टीत टाकली. मिस्त्री पाहत होता. "माहा कान कापला तुनं थोडा," एवढंच म्हणाला.

त्या दसऱ्याला मनकर्णाबाईची निम्मी फुलं वाळली. बाजारात झेंडूला कधी नव्हे तो भाव होता आणि तिच्या टोपल्या अर्ध्या. बिल्कीसला ते बाजारातून आलेल्या दुसऱ्या माळिणीकडून कळलं. दिवाळीनंतर सुनावणीची तारीख लागली. मनकर्णाबाईनं बोलावलं नव्हतं, तरी बिल्कीस वीज कार्यालयात जाऊन बाकावर बसून राहिली. मनकर्णाबाई आली, तिला पाहिलं, आणि येऊन शेजारी बसली. साहेबांनी शालिकरामचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. शिपाई बाहेर व्हरांड्यात जाऊन पाहून आला. शालिकराम आला नव्हता. साहेबांनी थोडी वाट पाहिली, चष्मा पुसला, आणि हरकत निकाली काढून टाकली.

तो का आला नाही हे कुणालाच कळलं नाही. गावात म्हणाले, तारीख विसरला. गोवर्धन म्हणे, कंबर धरली होती. बिल्कीसनं मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, "मले काय माईत?" आणि तो तिच्याकडे न पाहता बेअरिंगला ग्रीस लावत राहिला. माहीत असतं तरी त्यानं सांगितलं नसतं, हे तिला आता पक्कं ठाऊक झालं होतं. शालिकराम मात्र दुकानात पुन्हा आला नाही. त्याची मोटर नांदगाव पेठेतल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊ लागली. जुनं गिऱ्हाईक तुटलं याचं सत्तारला वाईट वाटलं, पण त्यानं कधी निरोप धाडला नाही.

माघात मीटर लागलं. मोटर न्यायला मनकर्णाबाई बैलगाडी घेऊन आली होती, सोबत खुशी. मिस्त्री स्वतः गावी गेला, मोटर बसवून दिली, पहिलं पाणी आलं तेव्हा ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं.

आणि पुढच्या भाद्रपदात, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, कामाची घाई, अशात एक ऑटो दारात थांबला. मनकर्णाबाई उतरली, मागून ऑटोवाल्याच्या खांद्यावर मोटर.

"जळाली, मिस्त्री!" ती दारातूनच ओरडली. "माही मोटर जळाली!"

बाकावरचे लोक चुकचुकले. पण बाईच्या तोंडावर हसू मावत नव्हतं, त्यामुळे ते बुचकळ्यात पडले. मिस्त्रीनं मोटर उघडली. आतली तार काळीठिक्कर. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "होल्टेज पाहत जा ना बाई! थोडं थांबता येत नव्हतं काय?"

"कळ्या आल्या होत्या ना. कशी थांबू?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "दिवसरात पानी उपसलं तिनं. आता दसऱ्याच्या आंधी करून द्या, मले दुसरं काई माईत नाई."

मग ती पडद्यामागं आली, पाय पसरून बसली. बिल्कीसनं स्टोव्ह पेटवला. चहा उकळेपर्यंत मनकर्णाबाईनं फुलांचं सांगितलं, खुशीच्या शाळेचं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "भासरे अजून बोलत नाईत. पन परवा खुशीजवळ निरोप धाडला, तुह्या मायले सांग, तिच्या पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला हाय, काढून घे म्हना. नाईतं मोटर ओढ घेईन अन् जळन." ती हसली. "म्या काढला नाई अन् मोटर जळाली."

"मंग होल्टेजनं जळाली म्हनून कावून सांगतलं मिस्त्रीले?"

"म्या कुठी सांगतलं? त्याईनंच म्हनलं."

दोघी इतक्या हसल्या की पुढं बाकावरची माणसं पडद्याकडे पाहू लागली. चहा पिऊन मनकर्णाबाई एसटीची वेळ झाली म्हणून उठली. ती गेल्यावर बिल्कीसनं यंत्रावर नवं रीळ चढवलं. तिच्या आधी आलेल्या तीन मोटरी रांगेत होत्या. त्या तिनं पायानं जरा बाजूला सारल्या आणि मनकर्णाबाईच्या मोटरीची पहिली कॉइल गुंडाळायला घेतली.